सत्तावीस मीटरच्या पुढे

प्रेशर हा माझ्या कामाचा विषय. टाक्या, व्हेसल्स, सेफ्टी व्हॉल्व्ह. आत दाब किती, भिंत किती जाड ठेवायची, दाब हाताबाहेर जायला लागला तर त्याला कुठल्या वाटेने बाहेर काढायचं, हेच करत वीसेक वर्षं गेली. हत्यारांशी माझा कधी काही संबंध आला नाही आणि येईल असं वाटलंही नव्हतं. पण व्हिएतनामला गेले होते तेव्हा हो ची मिन्ह सिटीतल्या एका म्युझियममध्ये काचेच्या पेटीसमोर थांबले, आत एक बुटकी, जाड नळीची, लाकडी दस्त्याची वस्तू ठेवली होती, खाली लिहिलेलं एम-७९ ग्रेनेड लाँचर. पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी शिकारीची बंदूक मधेच कापून ठेवलीय. नळीचं तोंड इतकं मोठं की दोन बोटं जोडून सहज आत जातील. शेजारी तिचं काडतूस उभं कापून ठेवलेलं होतं, आतलं सगळं दिसेल असं, आणि ते बघितल्यावर मी तिथून हललेच नाही. बरोबरचे लोक पुढच्या दालनात गेले तरी मी तिथेच.

कारण त्या काडतुसात मला माझ्या रोजच्या कामातली वस्तू दिसली. रप्चर डिस्क.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे ज्या टाकीत दाब एकदम चढू शकतो तिच्या तोंडाशी धातूचा एक पातळ पापुद्रा बसवतात. दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की तो पापुद्रा फाटतो, दाब बाहेर पडतो, टाकी वाचते आणि टाकीशेजारी उभा असलेला माणूस वाचतो. साधी वस्तू आहे, तिच्यात हलणारा एकही पार्ट नाही, म्हणून तर तिच्यावर विश्वास ठेवता येतो. एम-७९ च्या काडतुसात अगदी तळाशी एक छोटी मजबूत कोठडी आहे, तिच्यात दारू भरलेली पितळेची वाटी. चाप ओढला की दारू त्या इवल्याशा जागेत पेटते आणि दाब साधारण ३५ हजार पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचावर इतके पौंड) चढतो. गाडीच्या टायरमध्ये ३०-३५ असतो, म्हणजे त्याच्या हजारपट. कोठडीला भोकं आहेत आणि त्या भोकांपाशी पितळ फाटतं, मग गॅस शेजारच्या मोठ्या मोकळ्या जागेत पसरतो आणि पसरता पसरता दाब ३ हजाराच्या आसपास येतो. ग्रेनेडला ढकलतो तो हा दुसरा, उतरलेला दाब. याला हाय-लो सिस्टीम म्हणतात.

एवढा खटाटोप कशासाठी? दारूची एक सवय आहे, ती कोंडलेल्या जागेत, जास्त दाबाखाली नीट आणि दर वेळी सारखी जळते. मोकळ्या जागेत कमी दाबाखाली जाळली तर कधी पूर्ण जळेल, कधी अर्धवट, आणि मग एक गोळा लांब जाईल आणि दुसरा समोर पडेल. पण तोच मोठा दाब सरळ नळीत सोडला तर नळी जाडजूड पोलादाची करावी लागते, ग्रेनेडची कातडीही जाड करावी लागते, आणि खांद्यावर धरणाऱ्याचा खांदा काही जागेवर राहत नाही. म्हणून दारूला हवा तसा दाब एका खोलीत द्यायचा आणि माणसाला सोसेल तेवढाच दुसऱ्या खोलीत. हे ज्याला सुचलं त्याला दाब म्हणजे काय ते हाताला कळत होतं, असं मला तिथे उभी असताना वाटलं, आणि आजही वाटतं.

मूळ कल्पना जर्मनांची. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी ऱ्हाइनमेटालने पीएडब्ल्यू ६०० नावाची रणगाडाविरोधी तोफ केली, तिच्यात काडतूस आणि गोळा यांच्यामध्ये भोकं पाडलेली जाड चकती होती. तोफ हलकी झाली, दारू कमी लागली. पण युद्ध संपत आलेलं, फारशा बनल्याच नाहीत. कल्पना मात्र अमेरिकनांनी उचलली.

अमेरिकन सैन्याची अडचण वेगळी होती. हँडग्रेनेड माणूस फेकून फेकून किती फेकणार, तीस-पस्तीस मीटर, चांगला हात असेल तर चाळीस. मॉर्टर, म्हणजे उखळी तोफ, बरंच लांब मारतो पण तो वाहायला माणसं लागतात, मांडायला वेळ लागतो आणि अगदी जवळचं त्याला जमत नाही. मधला पट्टा रिकामा. रायफलच्या तोंडावर बसवून उडवायचे ग्रेनेड होते पण त्यांचा धक्का भयंकर आणि नेम कच्चा. कोरियाच्या युद्धाने हे चांगलंच दाखवून दिलं होतं. १९५० च्या दशकात त्यांनी यासाठी प्रोजेक्ट निब्लिक सुरू केला. निब्लिक म्हणजे गोल्फमधली एक जुनी काठी, चेंडू उंच उडवून थोड्या अंतरावर अलगद पाडायची. नाव अगदी बरोबर निवडलंय, कारण एम-७९ चा गोळा तसाच जातो, कमान करून, आणि सेकंदाला फक्त ७६ मीटर. चांगली नजर असलेल्या माणसाला मागून तो जाताना दिसतो म्हणतात.

मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड आर्मरीत काम झालं. तीन गोळ्यांची एक आवृत्तीही करून बघितली होती, आडवी पट्टी सरकत जायची आणि एकामागून एक तीन गोळे सुटायचे, पण तिचा भरवसा वाटेना. शेवटी निवडलं ते एकच गोळा घेणारं, मधून मोडून उघडायचं, जुनं काडतूस काढायचं, नवं सरकवायचं, मिटायचं. १९६१ पासून सैनिकांच्या हातात आलं. रिकामं असताना पावणेतीन किलोच्या आत, लांबी ७३ सेंटीमीटर, बॅरल ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियमची बॅरल! दाब उतरवला म्हणून हे शक्य झालं. ४० मिलिमीटर व्यासाचा गोळा ॲल्युमिनियमच्या नळीतून मारता येतो हे एखाद्या तोफखान्याच्या माणसाला १९४० साली सांगितलं असतं तर त्याने ऐकूनही घेतलं नसतं.

हॉटेलवर आल्यावर मी कागद घेऊन बसले. गोळा साधारण पावणेदोनशे ग्रॅमचा, वेग ७६. म्हणजे मोमेंटम, किलोतल्या वजनाचा आणि वेगाचा गुणाकार, तेराच्या आसपास. त्याच काळातल्या ७.६२ रायफलची गोळी साडेनऊ ग्रॅमची आणि वेग साडेआठशेच्या आसपास धरला तर मोमेंटम येतं आठ. बाहेर पडणाऱ्या गॅसचा हिस्सा मिळवला तरी लाँचरचा धक्का रायफलपेक्षा थोडा जास्तच यायला हवा. तरीही तो सोसता येतो, कारण रायफलमध्ये सगळं साधारण एका मिलिसेकंदात आटपतं आणि इथे त्याहून कितीतरी जास्त वेळ ढकलत राहतं. ठोसा नाही, ढकलणं. शिवाय दस्त्याच्या मागे जाड रबर लावलंय. त्या संथ ढकलण्यामुळेच त्याचा आवाजही वेगळा, फाडकन नाही तर पोकळ, बाटलीचं बूच काढल्यासारखा. सैनिकांनी त्या आवाजावरून नावं पाडली, ब्लूपर, थंपर, थंप-गन. ऑस्ट्रेलियन सैनिक त्याला वॉम्बॅट गन म्हणायचे.

लाँचरबद्दल हे सगळं वाचताना मला जी गोष्ट सतत जाणवत होती ती म्हणजे काळजी. खरंच दुसरा शब्द नाही माझ्याकडे. खांद्याची काळजी, वजनाची काळजी, घाबरलेल्या आणि चिखलात पडलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला हे वापरता यावं याची काळजी. नळीवर घडी घालून ठेवायची एक पट्टी आहे, ती उभी केली की ७५ मीटरपासून ३७५ मीटरपर्यंत पंचवीस-पंचवीसच्या टप्प्याने खुणा आहेत. बरेच जण पुढे ती पट्टी उभी करेनासेच झाले, नुसत्या अंदाजाने खिडकीतून गोळा आत टाकायला शिकले. लाकडी दस्ता तिथल्या दमट हवेत फुगायचा म्हणून पुढे फायबरग्लासचे दस्ते आले. प्रत्येक अडचण कुणीतरी ऐकून घेतलेली दिसते.

आणि सगळ्यात जास्त काळजी ग्रेनेडच्या फ्यूजमध्ये, म्हणजे तो कधी फुटायचा हे ठरवणाऱ्या भागात. हे मला सर्वात उशिरा कळलं आणि सर्वात जास्त आवडलं, आवडलं हा शब्द लिहिताना अडखळायला होतंय पण खोटं कशाला लिहू.

प्रश्न असा, की जो गोळा आपटल्यावर फुटणार आहे तो हातातून पडल्यावर फुटू नये. नळीत फुटू नये. दोन पावलांवरच्या फांदीला लागून तोंडावर फुटू नये. आमच्या कामात अशा वेळी दोन स्वतंत्र कुलपं लावतात, दोन्ही उघडली तरच पुढची पायरी, एक चुकून उघडलं तरी दुसरं अडवतं. इथेही तेच. पहिलं कुलूप सुटण्याच्या धक्क्याने उघडतं. दुसरं गिरकीने. नळीच्या आतल्या बाजूला पिळाच्या खाचा आहेत, त्यांनी गोळ्याला गिरकी मिळते, मिनिटाला सुमारे ३७०० फेरे. गोळा असा धक्का खाऊन असा फिरला म्हणजे तो खरोखर नळीतून सुटलेला आहे, कुणाच्या हातातून निसटलेला नाही, हे त्या यंत्राला त्यावरून समजतं. एवढं होऊनही ते लगेच तयार होत नाही. साधारण १४ ते २७ मीटर गेल्यावर होतं. मी गणित केलं, सव्वा मीटरला एक गिरकी पडते, म्हणजे बारा ते बावीस गिरक्या. बारा गिरक्यांपर्यंत ते मारणाऱ्याचं रक्षण करतं, बाविसाव्या गिरकीनंतर ते दुसऱ्या कुणाचं तरी मरण असतं.

अर्थात या काळजीचा उलटा त्रासही झाला. जंगलात शत्रू दहा मीटरवर समोर आला तर लाँचर निरुपयोगी. अमेरिकन पायदळाच्या दहा जणांच्या तुकडीत दोन ग्रेनेडियर, म्हणजे लाँचर चालवणारे, असायचे, त्यांच्या कमरेला म्हणून पिस्तूल द्यावं लागलं, पुढे छर्ऱ्यांचं वेगळं काडतूस काढलं. आणि मग साठचं दशक संपता संपता एम-२०३ आलं, जे रायफलच्या नळीखालीच बसवता येतं, म्हणजे ग्रेनेडियरच्या हातात रायफल पण आली. नेम एम-७९ चाच चांगला होता असं म्हणणारे पुढेही बरेच होते. त्या तपशिलात मी जात नाही, मला तो भाग फार महत्त्वाचा वाटत नाही.

मला महत्त्वाचं वाटतं ते सत्तावीस मीटरच्या पुढचं.

आम्ही कुठलंही सेफ्टी डिव्हाइस डिझाइन करताना एक रकाना भरतो. हे बंद पडलं तर कुठल्या बाजूला बंद पडेल? व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटली तर तो उघडा राहील का मिटलेला? वीज गेली तर? ज्या बाजूला बंद पडल्यावर माणूस वाचतो त्या बाजूला ते आपोआप झुकावं असं बघायचं. नव्याने कामाला लागलेल्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात हेच सांगते, की चालतं कसं हे सगळेच सांगतात, न चाललं तर काय हे तू सांग. तर त्या रात्री मी सवयीने त्या फ्यूजसाठी तो रकाना मनात भरत गेले. पहिलं कुलूप अडकलं तर गोळा फुटत नाही, मारणारा वाचतो. दुसरं अडकलं, तेच. दोन्ही उघडली आणि गोळा कडक जमिनीवर आपटला तर फुटतो, त्यासाठीच केलाय. पण दोन्ही उघडली आणि गोळा भाताच्या चिखलात पडला तर? दाट पानांमध्ये अडकून हळूच खाली घसरला तर? कोनात पडला आणि पुरेसा आपटलाच नाही तर?

तर तो तसाच राहतो. उघडलेल्या कुलपांसकट. परत मिटायची काही सोय त्यात नाही. गिरकी थांबली म्हणून तो पुन्हा निर्धोक होत नाही. ज्या यंत्राला पहिले सत्तावीस मीटर इतके बारकाईने मोजता येतात त्याला वर्षं मोजता येत नाहीत, कारण ती मोजायला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून मी पुढे क्वांग त्रीतल्या डोंग हा या शहरात गेले. ठरलेल्या प्रवासात ते नव्हतं. क्वांग त्री हा तेव्हाच्या उत्तर आणि दक्षिण व्हिएतनामच्या सीमेला लागून असलेला भाग, सतरावं अक्षवृत्त तिथूनच, बेन हाई नदी तिथेच, खे सान्हचा वेढा तिथलाच. अतोनात दारूगोळा पडला या जमिनीवर. १९७५ ला युद्ध संपल्यानंतर देशभरात न फुटलेल्या स्फोटकांनी ४० हजारांहून जास्त माणसं मेली असं व्हिएतनामचं सरकार सांगतं, जखमी ६० हजार. विमानातून टाकलेले क्लस्टर बॉम्ब त्यात मोठे गुन्हेगार आहेतच, पण क्वांग त्रीत काम करणाऱ्या पथकांना जे वारंवार सापडतं आणि ज्याची त्यांना सगळ्यात जास्त धास्ती असते त्यात हा ४० मिलिमीटरचा ग्रेनेड आहे. तिथे त्याला लाँचरच्याच नावाने ओळखतात, एम-७९.

डोंग हात यासाठी एक माहिती केंद्र आहे, शाळेची मुलं येतात तिथे. निकामी केलेले नमुने मांडून ठेवलेत. मी गेले तेव्हा एक तरुण मुलगी माहिती सांगत होती, तिने तो ग्रेनेड उचलून माझ्या तळहातावर ठेवला. मूठभर. पुढचं टोक ॲल्युमिनियमचं, सोनेरी रंगाचं. एका जागी रंग शाबूत होता आणि तिथे तो चमकत होता, आणि ती म्हणाली, "मॅडम, मुलांना हाच रंग दिसतो." मी काहीच बोलले नाही. मी तो रंग आधी मॅन्युअलमध्ये वाचला होता, सोनेरी टोक म्हणजे स्फोटक गोळा, सैनिकाला घाईत ओळखता यावं म्हणून दिलेला. तीही काळजीच होती कुणाची तरी.

चोवीस-पंचवीस वर्षांची असेल ती. तिच्या जन्माआधी कितीतरी वर्षं त्या लाँचरचं उत्पादन बंद झालेलं, १९७१ लाच. जिथे तो पहिल्यांदा कागदावर काढला ती स्प्रिंगफील्डची आर्मरी तर १९६८ मध्येच बंद झाली, आता तिथे म्युझियम आहे. ज्यांनी ते बारा आणि बावीस गिरक्यांचं गणित केलं त्या माणसांवर मला राग धरता येत नाही, मी प्रयत्न केला. त्यांच्यासमोर जो प्रश्न ठेवला होता त्याचं त्यांनी उत्तम उत्तर दिलं. मला राग येतो तो त्या प्रश्नाचा, ज्यात माणूस म्हणजे फक्त दस्त्यामागचा माणूस होता. आणि हे म्हणताना माझ्या स्वतःच्या ड्रॉइंग डोळ्यांपुढे येतात, दाब सोडायचा पाइप मी टाकीवरच्या ऑपरेटरपासून लांब वळवलेला असतो, तो ज्या बाजूला वळवला तिकडे कोण राहतं हे दर वेळी विचारलं होतं का मी?

कायद्याचं म्हणाल तर १९९७ च्या ओटावा करारात सुरुंग येतात, पण हा सुरुंग नाही, जमिनीत पुरण्यासाठी तो बनवलाच नव्हता. युद्धानंतर उरलेल्या स्फोटकांची जबाबदारी ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार २००३ मध्ये तयार झाला आणि २००६ मध्ये लागू झाला. तोपर्यंत क्वांग त्रीतले हे गोळे तीस-चाळीस वर्षं चिखलात होते. पायाखाली आलेल्याला तो सुरुंग आहे का ग्रेनेड याने काय फरक पडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका गावाबाहेर मला लांबून बघायची परवानगी मिळाली. एक शेतकरी बांध नीट करत होता, कुदळीच्या टोकाला काहीतरी लागलं, त्याने कुदळ तिथेच सोडली आणि फोन केला. लहानपणापासून हेच शिकवतात तिथे, हात लावायचा नाही, तिथून दूर व्हायचं, कळवायचं. पथकाने दोऱ्या लावल्या, गुडघ्यावर बसून एका माणसाने कितीतरी वेळ माती बाजूला केली, मग मान हलवली. सुटलेला होता, म्हणजे दोन्ही कुलपं उघडलेली. असा गोळा कुणी उचलून नेत नाही, आहे तिथेच उडवतात. आम्हाला मागे, आणखी मागे पाठवलं. मी चालताना पावलं मोजत होते, सत्तावीस मीटर तर कधीच मागे पडलं, मी मोजतच राहिले, तीनशेच्या पुढे मोजणं सोडलं.

बराच वेळ काही नाही. रस्त्यावर एकाने दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवली होती, एक बाई सायकलवर पाय टेकून उभी, तिला काही घाईही दिसत नव्हती आणि नवलही. मग आवाज आला. पोकळ नव्हता तो, बूच काढल्यासारखा तर अजिबात नाही. तळव्यांना जमीन हललेली कळली.

पथकातल्या माणसाने जाऊन खड्डा बघितला, पुन्हा एकदा यंत्र फिरवलं आणि हात वर केला. बाईने पेडल मारलं. शेतकरी आमच्या शेजारूनच गेला, बांधावर पोचला, सकाळी सोडलेली कुदळ शोधली, खड्ड्याच्या कडेची माती ओढून तो भरायला लागला.